कडूमुळीचा चकचकीत दोरा

मुलांनो, गिळलेल्या औषधाला दुखऱ्या जागेचा पत्ता कोण सांगतं?

एका जंगलात एक धाकटा साळिंदर हा प्रश्न सगळ्यांना विचारत फिरायचा. शाळेत तो दोनच पावसाळे गेला होता, तेही छप्पर होतं म्हणून. त्यामुळे त्याला उत्तर द्यायची कुणाला गरज वाटली नाही.

त्याच्या ताईला धाप लागायची. त्यावर कडूमुळी हे औषध होतं. पण ती पाण्यात विरघळत नसे. गिळावी तशीच बाहेर पडे.

मग अस्वल वैद्यबुवांनी एक यंत्र केलं. मुळीची पूड झाडाच्या चिकात घालून तापवायची. आतलं मळसूत्र फिरवून ते मऊ मिश्रण बारीक भोकातून ढकलायचं. सोऱ्यातून शेव पडते तसा दोरा पडे. त्याचे तुकडे करायचे. चीक पोटात हळूहळू विरघळे आणि मुळीला सोबत नेई. ताईला रात्रभर झोप लागू लागली.

दोरा मात्र खडबडीत, मातकट. आणि कडू! ताईची एकच अट होती.

"आधी तू चाट."

धाकटा चाटायचा, काटे फुलवून तोंड वाकडं करायचा. ताई हसायची आणि हसता हसता तुकडा गिळायची.

एकदा मोर प्रधान पाहणीला आले.

"वैद्यबुवा, हे दरबारात कसं दाखवू? जरा चमक हवी."

"चमक जाळानं येते, प्रधानजी. पण जाळ वाढला तर मुळी करपून तिचा कस उडेल."

"मुळी कुणाला दिसते? दोरा दिसतो."

धाकट्याला हे फार पटलं. जाळ जास्त म्हणजे गुण जास्त, एवढं गणित त्याला येत होतं.

"बुवा, घाबरता काय? घाला लाकडं!" म्हणत पहिला ओंडका त्यानंच लोटला.

दोरा पडला तो आरशासारखा. टाळ्या झाल्या. सगळ्यांत मोठ्या धाकट्याच्या.

घरी येऊन त्यानं तुकडा चाटला. तोंड वाकडं झालंच नाही.

"कडू नाही?" ताईनं विचारलं.

"अगं, सुधारणा म्हणतात याला!"

"मग मी हसू कशाला, गाढवा?"

"साळिंदराला गाढव म्हणतेस?"

ती हसली. तिनं तुकडा गिळला. रोज गिळत राहिली. धाप वाढत गेली, तसा धाकटा आणखी चकचकीत तुकडे आणत गेला. मग एका सकाळी धाप थांबली. ताईच राहिली नव्हती.

तिला ओढ्याकाठी निजवलं. सगळे तिच्याविषयी बोलले, मोर प्रधान दोऱ्याविषयी.

धाकट्यानं बिळाच्या कोपऱ्यातून एक जुना, मातकट तुकडा शोधून आणला. ताईच्या तोंडासमोर बसला. चाटला नाही, चावून खाल्ला. मग काटे फुलवले आणि जमेल तेवढं तोंड वाकडं केलं.

तात्पर्य : औषधाची चमक बघावी, चव बघू नये. चवीवरून शंका घेणारे भाऊ प्रगतीच्या आड येतात. आपला धाकटा शहाणा. तो आड आला नाही.