कासमकाकांचं डॅनिश खानदान

कासमकाकांची होडी दाभोळच्या पुढे बुडाली आणि घरात चूल पेटायची बंद झाली. बायको आणि तान्ही जुबेदा मेव्हण्याच्या पडवीत गेल्या, काका लाँचमध्ये बसून दुबईला आले आणि परदेशी इंजिनिअरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी झाले. यातलं काहीही मला त्यांच्याकडून कळलं नाही. पहिल्या भेटीत त्यांनी करून दिलेली ओळख अशी होती : "आमचे सरदार नील्स वारले त्याला सातशे वर्षं झाली. तुमचं गाव कोणतं?"

हे सरदार डेन्मार्कचे. खाडीची खोली मोजायला आलेला एक डॅनिश साहेब मेसमध्ये जेवायचा, त्याचे हे पूर्वज. साहेबाने एकदा सूप पिता पिता आपल्या घराण्याची गोष्ट सांगितली आणि काकांनी ते घराणं दत्तकच घेतलं. सरदार आणि डेन्मार्कचा राजा लहानपणी एकाच घरात वाढले, एवढंच साहेब म्हणाला होता. काकांनी ठरवलं, म्हणजे दूधभाऊ!

"एका आईचं दूध प्यायलेले. मग राजा झाला म्हणून काय झालं? सरदार त्याचा कान धरणारच!"

सरदारांचा एक भाऊ बिशप होता. त्याला काका 'मोठे मौलवी' म्हणत. दुसऱ्याची जहाजं होती, त्याच्याबद्दल काकांना जरा जास्तच जिव्हाळा. मेसमध्ये कुणी उकाड्याची तक्रार केली तर, "आमच्या सरदारांनी गोठलेल्या समुद्रावरून घोडा नेला, तुम्हाला साधा घाम सोसत नाही?" सुरमई खारट झाली तर, "सरदार लढाईत खारवलेलं मांसच खायचे. गुमान खा."

मी बर दुबईतल्या एका ऑफिसात क्लार्क होतो आणि याच मेसमध्ये जेवत असे. इतिहास घेऊन बी.ए. झालेलो, आमच्या घरात शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेला पहिला. हे मी कुणी विचारायच्या आधी सांगत असे. त्यामुळे काकांनी माझं नावच 'बीए' ठेवलं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, नमाजानंतर, जेवणं उरकली की हाक यायची, "ओ बीए, यल्ला, चला, कागद काढा!" काकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते सांगत, मी लिहीत असे.

"खुशाली एका ओळीत. पुढे सरदार."

"काका, हे घरचं पत्र आहे. घरचं काहीतरी सांगा."

"घरचंच चाललंय," ते म्हणाले. "जुबेदा सातवीत आहे. तिचा मामू म्हणतो, बस झालं शिक्षण, आता भाकऱ्या थाप. पण अख्ख्या मोहल्ल्यात मराठी वाचणारी ती एकटी. सरदाराचं पुढे काय झालं ते ऐकायला लोक ओटीवर जमतात. मामू सगळ्यांत पुढे बसतो. सरदार जिवंत आहे तोवर माझी पोर शाळेत आहे. काय समजलात?"

समजलो. पण माझी पदवी मला गप्प बसू देईना. सरदार डेन्मार्कात वाघ मारू लागले, फणस खाऊ लागले, तेव्हा मी साहेबालाच गाठलं. साहेब म्हणाला, "नील्स? तो तर चाळिशीतच तापाने गेला."

मी काकांना सुनावलं, "इतिहास आहे हा. वाटेल तसा वाढवता येत नाही."

"साहेबाला काय जातंय सांगायला!" काका म्हणाले. आणि त्या शुक्रवारी त्यांनी सरदारांना शंभर जहाजं घेऊन स्वारीवर धाडलं. मी मान खाली घालून लिहिलं : सरदार तापाने वारले.

उत्तर महिन्याच्या आत आलं. ते वाचून दाखवायचं कामही माझंच. काका कांदा चिरत ऐकत होते.

'बाबा, सलाम. सरदार वारल्याचं मी वाचून दाखवलं. मामूंनी टोपी घातली, मोहल्ल्याने फातिहा पढला, मलिदा वाटला. मामू म्हणतात, गोष्ट संपली, आता ईदपासून शाळा बंद. तुम्ही कसे आहात ते एका ओळीपुढे कधीच लिहीत नाही.'

सुरी थांबली. "सरदार खलास?" काकांनी विचारलं. मी मान डोलावली. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्या मला हव्या होत्या.

काकांनी चिरलेला कांदा उगाच ताटलीत सारखा केला.

"दोनदा गावी गेलो, बीए. दोन्हीदा पोर दाराआड लपली. मला ती ओळखत नाही. पण पत्र आलं की माझं बोलणं तिच्या तोंडून निघतं आणि सगळे गप्प बसून ऐकतात. त्यात मी काय सांगू? आज मेसमध्ये बटाटे सोलले?"

मी तसाच उठलो, अब्रा म्हणतात त्या होडीत बसून खाडीपलीकडे देऱ्याला साहेबाच्या खोलीवर गेलो. "नील्सला पुतणे किती?" साहेब हसला. त्याने टेबलावर मोठा कागद पसरला आणि मला अख्खं खानदान काढून दिलं. तीन भाऊ, अकरा पुतणे, राजघराण्यात दिलेल्या दोन मुली, पुढच्या चारशे वर्षांची भांडणं.

पुढच्या पत्रात सरदारांच्या मयतीला मोठे मौलवी आले आणि कबरीवरची माती सुकायच्या आत वारसाचा वाद पेटला. काका अडले तिथे मी इतिहास पुरवला. ते अडले नाहीत तिथे मी तोंड उघडलं नाही. बिशपच्या अंगणातले नारळ तर मीच लावले. शेवटी काकांना न विचारता एक ओळ लिहिली आणि या वेळी ती वाचून दाखवली : 'मी बरा आहे. आज बटाटे सोलले. तुझी आठवण आली.'

काकांनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. "राहू दे," म्हणाले.

ईद आली, गेली. मामूने शाळेचा विषय काढला नाही. सरदारांच्या थोरल्या पुतण्याचं लग्न अडलं होतं, ते जमतंय की नाही याची त्याला काळजी होती.

चार वर्षांनी जुबेदा मॅट्रिक पास झाली. त्या मोहल्ल्यात मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी.