काकूंना पटलं पाहिजे

आमच्या येडशीत बारावीच्या पोरांना फिजिक्सची परीक्षा दोनदा द्यावी लागे. एकदा बोर्डाला, आणि त्याआधी शिंगाडे सरांच्या बायकोला.

सर आणि मी एकाच कॉलेजात. ते फिजिक्सला, मी मराठीला. पोरानं “समजलं सर” म्हटलं की सर चष्मा कपाळावर सरकवत. “आमच्या हिला सांगून ये. तिला पटलं तर तुला समजलं!”

इंदूकाकू चौथी शिकलेल्या. पाच वाजता दारात ज्वारी निवडत बसत आणि पोरं पुढ्यात उकिडवी.

“काकू, तुमी भिंत ढकलली की भिंत बी तुमाला तेवढ्याच जोरानं ढकलती.”

“व्हय? मंग म्या मागं का सरकत न्हाय?”

पोरगं उठून घर्षण शिकायला परत सरांकडं. निकाल चांगले लागत, पण मला हा सगळा सरांचा चक्रमपणाच वाटे. “काकूंनाच पर्मनंट करा,” अशी चेष्टाही मी करायचो.

पुढं एकेक पोरगं लातूरच्या क्लासला गेलं. यंदा साक्षी तेवढी उरली होती. जूनमध्ये तीही गेली.

परवा सर माझ्या टेबलाशी येऊन घुटमळले. “पाचला घरी येता का? हिला गुरुत्वाकर्षण समजून सांगा.”

“सर, मला कुठं येतंय ते?”

“न्हाय आलं तरी चालंल. मूलबाळ न्हाय आमाला. घरात पोरं यावीत म्हणून काढलं होतं हे. आता ही पाचला दारात बसती, अन् दिवेलागण झाली तरी उठत न्हाय.”

सरांनी कुणाकडं काही मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं केलेली चेष्टा आठवून मला माझीच लाज वाटली.

गेलो. चाळिशीतले गुडघे मोडून उकिडवा बसलो.

“काकू, पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडं ओढते.”

“चंद्राला बी?”

“हो, त्यालाही.”

“मंग त्यो पडत का न्हाय?”

मी दाराकडं पाहिलं. सर आत दाराआड उभे होते, पण एका शब्दानं मदत करतील तर शपथ! काकू मात्र कितीतरी दिवसांनी हसत होत्या.

“लई कच्चं हाय तुमचं,” त्या म्हणाल्या. “उद्या बी यावं लागंल.”