रुमालासकट मामा

"हजर नसलेला माणूस मी लग्नात आणतो! देवालाबी जोड दिसणार न्हाई!" अशी फुशारकी संतपूरचा व्हिडिओवाला संगमेश चहाच्या टपरीवर रोज मारायचा. एक दिवस ती चंद्रम्माच्या कानावर गेली आणि त्याच्या सुखाचे दिवस संपले.

"संगमेश बाबा, माझ्या अण्णाला सुधारानीच्या लग्नात घाल!"

लेकीचं लग्न वैशाखातच झालं होतं. चंद्रम्माचे थोरले भाऊ शिवशंकरप्पा आलेच नव्हते. पत्रिका कुंकू-अक्षता लावून हातात न देता व्हॉट्सॲपवर पाठवली, म्हणून रुसून घरी बसले होते. आता नागपंचमीला बहिणीला माहेरी न्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी निरोप धाडला. 'लग्नाच्या व्हिडिओत मामा न्हाई, म्हंजे मामा मेला व्हय? आधी मला त्यात घाला, मग न्यायला येतो.' चंद्रम्माचं माहेर असं संगमेशच्या कॉम्प्युटरवर अडकलं होतं.

"हात्तिच्या! एवढंच व्हय अक्का?" संगमेश म्हणाला. हिरव्या पडद्यापुढं माणूस उभा करायचा, सॉफ्टवेअर तेवढं हिरवं काढून टाकतं, उरलेला माणूस उचलून मांडवात ठेवायचा. सॉफ्टवेअरही फुकटचं!

शिवशंकरप्पा स्टुडिओत आले, पडद्यापुढं उभे राहिले, ऐटीत अक्षता टाकून गेले. संध्याकाळी संगमेशनं बटण दाबलं आणि कपाळावर हात मारला. मांडवात एक मुंडकं तरंगत होतं, खाली धोतर चालत होतं, मधे काहीच नव्हतं! शिवशंकरप्पा शेतकऱ्यांच्या रयत संघाचे. खांद्यापासून पोटापर्यंत संघाचा हिरवा रुमाल पांघरलेला. पडद्याबरोबर सॉफ्टवेअरनं तोही गिळला होता.

"माझ्या भावाला धडसुद्धा ठेवलं न्हाईस रे!" चंद्रम्मानं गळा काढला.

संगमेशनं शिवशंकरप्पांना पुन्हा बोलावलं. "अप्पा, दोन मिनिटं रुमाल काढा की."

"मंत्र्यापुढं काढला न्हाई, तुझ्या पडद्यापुढं काढू व्हय? कंपनीला फोन लाव!"

"कंपनी न्हाई अप्पा. जगातले लोक मिळून बनवत्यात, कुणीबी वापरावं. आपल्या मठातल्या दासोहाच्या फुकट पंगतीसारखं."

"मग तक्रार कुणाकडं करायची?"

"दासोहात आमटीत मीठ कमी पडलं तर कुणाशी भांडता अप्पा?"

शिवशंकरप्पांना ते पटलं, पण रुमाल काही निघाला नाही. शेवटी संगमेशनं मंडपवाल्याच्या हातापाया पडून निळा पडदा आणला आणि सॉफ्टवेअरला हिरव्याऐवजी निळं काढायला लावलं. पुन्हा शूटिंग, पुन्हा अक्षता! आठ दिवस तो मामांच्या मिशीची एकेक कड घासत बसला. आणि काम असं झालं म्हणता! चंद्रम्माच्या शेजारी मामा उभे, रुमालासकट, सावलीसकट!

पंचमीच्या आदल्या दिवशी शिवशंकरप्पा बहिणीला न्यायला आले. जीप त्यांच्या मेहुण्याची, दुबलगुंडीच्या भीमण्णाची; चालवत आला होता तोच. सगळे टीव्हीपुढं बसले. मामांनी अक्षता टाकल्या, चंद्रम्मानं डोळ्यांना पदर लावला, संगमेशची छाती फुगली. आणि भीमण्णा ताडकन उठला!

"दाजी! त्याच दिवशी माझ्या नव्या घराची घरभरणी होती! ताप आलाय म्हनलात, अन् हितं अक्षता टाकायलात?"

शिवशंकरप्पांचा चेहरा पडला. "शपथ भीमण्णा, मी लग्नाला गेलोच न्हाई! ह्या पोरानं कॉम्प्युटरवर घातलंय मला!"

"मला येडा समजायलात? सावली दिसायलीय की!"

"संगमेश, सांग की ह्याला!"

संगमेशनं सांगितलं, दोनदा सांगितलं. भीमण्णा ऐकेना. जीपची किल्ली घेऊन तो निघालाच, तशी चंद्रम्मा कळवळली. "बाबा, ते मुंडक्याचं दाखव. न्हाईतर माझं माहेर गेलं!"

आठ दिवसांची मेहनत पाण्यात घालायला संगमेशचा हात उठेना. पण चंद्रम्माकडं बघून त्यानं पेन ड्राइव्ह लावला. मुंडकं तरंगलं, धोतर चाललं. हसता हसता भीमण्णा खाली बसला. "म्हंजे ताप खराच आलता तर!"

"खराच!" शिवशंकरप्पा घाईघाईनं म्हणाले.

चंद्रम्माची पिशवी जीपमध्ये चढली. त्या सुरेख अक्षतांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जो तो मुंडक्याचा व्हिडिओ आपल्या मोबाइलवर मागत होता.

निघताना भीमण्णानं संगमेशच्या खांद्यावर हात ठेवला. "आता दाजींना माझ्या घरभरणीतबी घाल. शूटिंग आमच्या घरीच कर, पडद्याची कटकटच न्हाई. चारी भिंतींना हिरवागार रंग दिलाय!"

संगमेशनं शिवशंकरप्पांकडं पाहिलं. ते खांद्यावरचा रुमाल नीट करत होते.