सातव्या मजल्यावरचा धाक

आमच्या मजल्यावर एक अण्वस्त्र आहे. ते काचेच्या बरणीत असतं आणि झाकणावर लाल फडकं घट्ट बांधलेलं असतं. आत मालवणहून आलेले सुके बोंबील आहेत, पण दळवीकाका त्यांना बोंबील म्हणत नाहीत. ते त्यांना 'साठा' म्हणतात.

आत्माराम दळवी माझगावच्या गोदीत फिटर होते. निवृत्त होऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षं झाली. गोदीत असताना ते जहाजं दुरुस्त करत, आता जग दुरुस्त करतात. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, तेव्हा सातव्या मजल्यावर तीन दारं निघाली. एक काकांचं, एक माझं आणि तिसरं लिमयेबाईंचं. बाई दादरच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. ही जागा त्यांनी नंतर विकत घेतली. तीन दारांच्या मध्ये पॅसेज आहे, पॅसेजच्या टोकाला खिडकी आहे, आणि खिडकीतून लांबवर गोदीच्या क्रेन दिसतात. त्या खिडकीशी काकांची खुर्ची असते. काकी गेल्यापासून काका सकाळी सातला त्या खुर्चीत बसतात आणि लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला पकडून विचारतात, "काय, वाचलंस का? त्यांनी परत क्षेपणास्त्र सोडलं!"

घाईतल्या माणसाला 'त्यांनी' म्हणजे कोणी, हा प्रश्न परवडत नाही. मला परवडतो. एकदा मी मुद्दाम काडी टाकली.

"काका, मोठे, मुरलेले देश एकमेकांना घाबरून असतात हे पटलं. पण ज्याच्या हातात कालच बॉम्ब आलाय आणि जो तुमच्या नावाने बोटं मोडतोय, त्याला तुमचा धाक कसा बसायचा?"

काकांनी पेपराची घडी घातली. चेहऱ्यावर असा आनंद की जणू मी ताटात सुरमईचा तुकडा वाढला.

"अस्सा प्रश्न विचार! नवा बॉम्बवाला म्हणजे नवा मोटारसायकलवाला. ब्रेक कुठे असतो ते त्याला ठाऊक असतं, कशाला असतो ते ठाऊक नसतं. पण मेल्या, त्यालाही घरी जायचं असतंच ना? ज्याला घरी जायचंय त्याला धाक बसतोच. फक्त अस्त्र दाखवायचं, डागायचं नाही."

"आणि घरी जायचंच नसलं तर?"

"गप रव. तुका काय कळता?"

हा सिद्धांत पडताळून बघायची संधी लिमयेबाईंनी दिली. खुर्ची पॅसेजमध्ये अडचण करते, आग लागली तर माणसं अडकतील, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. त्यांनी तोंडी सांगितलं. काकांनी ऐकलं नाही. मग बाई अर्ज लिहायला बसल्या. त्यांच्या घरातून प्रिंटरची घरघर ऐकू आली की काका माझा दंड धरायचे.

"ऐकलंस? युरेनियम शुद्ध करतायत बाई. अजून कच्चं आहे. एकदा सही झाली की बॉम्ब तयार!"

त्याच दिवशी बरणी बाहेर आली. खुर्चीशेजारच्या स्टुलावर, बाईंच्या दाराकडे तोंड करून. काकांनी पॅसेजमध्ये उभं राहून धोरणही जाहीर केलं. आम्ही आपणहून पहिला वापर करणार नाही. पण खुर्चीला हात लागला, तर दार सताड उघडं ठेवून अख्खा साठा तव्यावर जाईल!

"दळवी," बाई शांतपणे म्हणाल्या, "वाक्य संपलं असेल तर पाय वर घ्या. मला लादी पुसायचीय."

काका चरफडले. त्यांच्या मते शत्रूला अस्त्राची ताकदच माहीत नव्हती, म्हणून चाचणी आवश्यक होती. बुधवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी तीन बोंबील भाजले. काय सांगू तुम्हाला! धूर पॅसेजमधून जिन्यात, जिन्यातून पाचव्या मजल्यावर. तिथलं मांजर पायऱ्या चढून वर आलं आणि काकांच्या दारात बसून राहिलं. आमच्या बायकोने आतून विचारलं, "भाकऱ्या टाकू का?" वॉचमन इंटरकॉमवर विचारत होता, काय जळतंय.

आणि लिमयेबाई? दार उघडून त्या थेट धुरात येऊन उभ्या राहिल्या. नाकाला पदर नाही, कपाळाला आठी नाही. त्यांनी दुधाची पिशवी उचलली आणि आत गेल्या.

काका खुर्चीत बसले ते बसलेच. दोन दिवस त्यांनी कोणालाही क्षेपणास्त्राबद्दल विचारलं नाही. शुक्रवारी मला म्हणाले, "तू म्हणत होतास तेच खरं रे. समोरचा घाबरणारा नसला तर आपल्या अस्त्राचं करायचं काय? लोणचं?" मग क्रेनकडे बघत हळूच म्हणाले, "रविवारी मीटिंग आहे. खुर्ची जाणार. घरातल्या खिडकीतून समोरच्या टॉवरची भिंत दिसते. भिंतीला काय विचारू, पेपर वाचलास का?"

चाळीत गॅलरी होती, माणसं आपोआप दिसायची. इथे माणूस दिसावा म्हणून खुर्ची टाकावी लागते. हे मला तेव्हा कळलं, आणि मी उगाच बुटाची नाडी बांधत बसलो.

शनिवारी सकाळी मी लिफ्टची वाट बघत होतो. काका खुर्चीत एकदम ताठ झाले. नाक वर केलं. उजवीकडे वळवलं.

"गॅस!"

पंचाहत्तरीच्या माणसाला एवढ्या वेगाने धावताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या. बाईंनी हातात शब्दकोडं धरून दार उघडलं. "काय धाड भरलीय?" त्यांना बाजूला सारून काका स्वयंपाकघरात घुसले. मला ओरडले, "बटणाला हात लावू नको! खिडक्या उघड!" दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस सुरूच होता. काकांनी कॉक बंद केला. ओट्यापासून चार हातांवर बाईंची खुर्ची, शेजारी अर्धा कप चहा. इतका वेळ त्या तिथेच बसल्या होत्या.

वास विरल्यावर बाई खाली बसल्या. "मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "करोना झाला तेव्हा गेला, तो परत आलाच नाही. कोणाला सांगू नका. भाच्याला कळलं तर मला एकटीला राहू देणार नाही."

काकांचा चेहरा उजळला. माणूस इतका बेशरमपणे खूश झालेला मी क्वचितच पाहिलाय.

"म्हणजे सिद्धांत बरोबर होता! धाक चालतो! शत्रूला नाकच नव्हतं!"

"काका!" मी दटावलं.

ते ओशाळले. मग हळू आवाजात विचारलं, "चवीचं काय, बाई?"

"आमटी काय नि खीर काय. एक गरम, एक गोड, एवढंच."

उतू गेलेलं दूध काकांनीच फडक्याने पुसलं.

रविवारी मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी अर्ज वाचायला घेतला. बाई उभ्या राहिल्या. "मी अर्ज मागे घेते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, तर वाट मोकळी राहते. आणि खरं सांगायचं तर मला त्या बरणीची भीती वाटते." सगळी सोसायटी हसली. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी अशी मान डोलावली, जशी तहावर सही करून उठलेला माणूस डोलावतो.

आता खुर्ची भिंतीला टेकलेली असते, पण खिडकीशी नाही. ती बाईंच्या दाराशी सरकलीय. क्रेन तिथून दिसत नाहीत. मी विचारलं, तर म्हणतात, "शत्रूवर पाळत ठेवावी लागते." सकाळी दुधाच्या वेळी आणि संध्याकाळी फोडणीच्या वेळी ते पेपर वाचत नाहीत, नुसतं नाक वर करून बसतात. बाई पळीभर आमटी वाटीत घेऊन बाहेर येतात.

"हिंग?"

"कमी."

"मसाला?"

"बेताचा. जमलीय." मग माझ्याकडे वळून, "याला निरीक्षण म्हणतात रे. मोठ्या देशांनासुद्धा जमत नाही."

परवा बाई वाटी घेऊन दारातच थांबल्या. स्टुलावरच्या बरणीकडे बघत त्यांनी विचारलं, "दळवी, त्या दिवशी तुम्ही एवढे भाजलेत. मी जन्मात कधी खाल्ले नाहीत, आणि आता वासही यायचा नाही. कसा असतो हो तो?"

मला वाटलं, आता साठ्याच्या संहारक शक्तीवर भाषण होणार. काका बराच वेळ बरणीचं फडकं सारखं करत राहिले.

"घरी कोणीतरी जेवायचं थांबलंय, असा," ते म्हणाले.

बाई आत गेल्या. दार त्यांनी लावलं नाही.