एक्केचाळीस नवे सभासद

उन्हाळी मेळ्यात दहा नवे सभासद मिळाले नाहीत, तर आमच्या बोट-क्लबची खोली कॅरमवाल्यांना जाणार, असं देवासच्या मराठी मंडळाचे चिटणीस तात्यासाहेब यांनी बजावलं. मी (भौतिकशास्त्राचा डॉक्टर, सेवानिवृत्त) त्या धक्क्याने दोन दिवस जेवलो नाही. (माझ्या बायकोच्या, नलिनीच्या, मते एकच दिवस, आणि तेव्हाही चिवडा खाल्ला होता.)

आमचा खेळ लढाऊ बोटींचा. दीड हात लांबीची, रेडिओवर चालणारी बोट हौदात सोडायची आणि समोरच्या बोटीवर छर्रे झाडायचे. भोक पडून जी आधी बुडेल ती हरली. सहा वर्षांत सभासद तीन: मी, उदाजीराव आणि कारखान्यात फिटर असलेला फत्तेसिंग.

ते साल शहाऐंशीचं. मे महिना. नळाला चार दिवसांआड पाणी. मेळ्याच्या मैदानात विटा आणि ताडपत्रीचा हौद आम्ही बांधला, पण भरायचा कशाने? उदाजीरावांनी टोंकखुर्दच्या आपल्या विहिरीवरून टँकर मागवला. हौद भरला, टँकर तिथेच उभा राहिला, आणि मला एक कल्पना सुचली. (माझ्या कल्पनांबद्दल मला स्वतःलाच भरवसा नाही, पण त्या दिवशी विसरलो.) भर उन्हात माणूस थांबेल तो सावलीत, आणि मैदानात सावली एकच, टँकरची. म्हणून नावनोंदणीचं टेबल मी तिथे मांडलं.

पाच मिनिटांत रांग लागली!

"भिया, नाव इथंच लिहायचं ना?"

"इथंच, इथंच!" मी वही उघडली.

"एका घरातून दोन चालतील?"

"दोन काय, चार आणा!"

रांगेतून आनंदाची लाट गेली. एक म्हातारी म्हणाली, "भगवान तुम्हाला सुखी ठेवो." इतकं नौकाप्रेम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लोकांच्या हातात बादल्या होत्या. मला वाटलं, पालथ्या घालून बसायला आणल्या असतील.

मान वर न करता मी लिहीत होतो. एका बाईंना विचारलं, "आमचा खेळ पूर्वी कधी पाहिलाय?"

"चाळीस वर्षं पाहतेय."

आमचा क्लब सहा वर्षांचा! शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'हिशेब कच्चा, उत्साह दांडगा.' आणि पुढच्याचं नाव विचारलं.

एक्केचाळीस नावं झाली. मी खुर्चीवर चढलो. "मंडळी, चला, आता हौदाकडे!"

ते वाक्य मी उच्चारायला नको होतं.

फत्तेसिंगची बोट नुकती गोळीबार सुरू करत होती. तेवढ्यात चारी बाजूंनी बादल्या, कळशा, डबे हौदात उतरले. उदाजीराव रेडिओची पेटी उंच धरून ओरडत होते, "अहो, आरमार आहे ते! आरमार!" त्यांची बोट एका बादलीत गेली आणि आतल्या आत गोल फिरत राहिली. फत्तेसिंग त्या बादलीमागे धावला. "ओ भाभी! पाणी ले जाओ, बोट तो दे दो!" माझी बोट 'संताजी' कुठे गेली ते दिसलंच नाही. दहा मिनिटांनी हौदात ताडपत्री, चिखल आणि माझी एक चप्पल उरली.

तात्यासाहेब आले. त्यांनी वही चाळली. "एक्केचाळीस! प्रोफेसर, खोली तुमची."

मला खोटं पचत नाही. "पण तात्यासाहेब, ते पाण्यासाठी आले होते हो!"

"मग? तुमचा खेळ काय वाळूत चालतो?" ते म्हणाले. "दर रविवारी टँकर आणा, म्हणजे झालं. माझंही नाव घाला."

खोली वाचली, 'संताजी' गेली. एका चपलेनिशी मी घरी पोचलो. स्वयंपाकघरात नलिनी पाणी गाळत होती. शेजारी घासलेला हंडा काठोकाठ भरलेला, आणि त्यात 'संताजी' डौलात तरंगत होती.

"ही इथे कशी?"

"माझ्या हंड्यात शिरली. घरात चार दिवस पाणी नाही, आणि तुम्ही तिकडे टँकर ओतताय. मग लागले रांगेत." तिने पदराला हात पुसून माझ्या हातातली वही उघडली. "हे बघा माझं नाव. 'हिशेब कच्चा'? लग्नाला चाळीस झाली की नाही?"

मी बोटीकडे पाहत राहिलो. बुडायला जागा शोधत होतो, पण हंडा लहान होता.

नलिनीने पेन्सिल घेतली, अध्यक्ष म्हणून छापलेलं माझं नाव शोधलं आणि त्यापुढच्या रिकाम्या शेऱ्यात लिहिलं, 'नजर कच्ची. उत्साह ठीक.'