निळं हेल्मेट, लाल हेल्मेट

"आणि पहिला आलाऽऽ..."

एवढं बोलून भोंग्याचा घसा बसला, तो कायमचाच. त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज जावयाने स्वतः कुठे ऐकला होता? पण मुलगी बघायला गेला त्या दिवसापासून सासऱ्यांनी तोंडाशी पेला धरून तो इतक्यांदा काढून दाखवला होता की झोपेतही त्याने ओळखला असता!

मातीचा गोल ट्रॅक, चार मोटारसायकली, चार रंगांची हेल्मेटं, चार फेऱ्या, आणि वळण कायम डावीकडेच. मागचं चाक बाहेर सरकायचं, पुढचं भलतीकडे बघायचं, आणि स्वार त्या दोघांची समजूत काढत पुढे जायचा. सासरे निळ्या हेल्मेटात. लोक त्यांना भोवरा म्हणत. लाल हेल्मेटात समोरच्या घरातला भिंगरी. ऐन निकालाला भोंगा बंद पडला, पंच गर्दीत हरवला, आणि पुढच्याच आठवड्यात मैदानाला कुलूप लागलं. तेव्हापासून दोघेही पहिले! एका गल्लीत दोन पहिले म्हटल्यावर बोलणं कसलं? फाटकासमोर फाटक होतं, पण शब्दाला शब्द नव्हता.

जावयाचं दुकान होतं, जुन्या फिल्मा संगणकात उतरवून देण्याचं. एक दिवस एका गंजक्या डब्यातून नेमकी तीच शर्यत निघाली! कुण्या माहितीपटवाल्याने काढलेली, मुकी, काळी-पांढरी. जावयाची छाती दोन इंच फुगली. फिल्म पुरती न पाहताच त्याने दोन्ही घरांत वर्दी दिली.

"रविवारी चार वाजता! फिल्म खोटं बोलत नाही. एकदाचा निकाल लावून टाकतो!"

"हरलो तर त्याच्या दारात उभा राहून 'तूच पहिला' म्हणेन," भिंगरी म्हणाला. "पण तो म्हणेल का, विचार त्याला."

"म्हणेन, सांगा त्याला!" सासरे गरजले. मग जावयाला कोपऱ्यात घेऊन पुटपुटले, "जावईबापू, नातवंडांना अभिमानाने सांगावी अशी एकच गोष्ट आहे माझ्याकडे. बघा हं."

घोळ नंतर कळला. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये निळंही काळपट, लालही काळपट! पांढऱ्या हेल्मेटवाला सुरुवातीलाच बंद पडलेला. पिवळ्याचा पत्ताच नाही, मागे राहिला असणार. कॅमेरा आपला या दोन काळपट डोक्यांमागे भुलल्यासारखा फिरत होता.

"बाबांनाच विचारा ना, तुमचं डोकं कुठलं म्हणून," बायको म्हणाली.

"आरोपीला विचारून कुणी निकाल देतं का?"

"मग?"

"रंगवतो!"

त्याने संगणकाला बजावलं, पुढचा निळा, मागचा लाल. शेवटी सासरा आपला! पहिले दहा सेकंद झकास निघाले, आणि उरलेलं त्याने विश्वासावर सोडलं.

रविवारी भिंतीवर चादर ताणली. खोलीच्या या टोकाला भोवरा, त्या टोकाला भिंगरी, मध्ये सासूबाई मटार सोलत बसल्या. फिल्म सुरू झाली, आणि ट्रॅक निघाला हिरवागार! दोघे जणू मोटारसायकलवरून गवत कापायला निघाले होते.

"माती हिरवी कशी?" भिंगरीने छताला विचारलं.

"शेवाळं असेल," जावई घाईने म्हणाला.

पहिल्या फेरीत निळं पुढे. सासरे खुर्चीवरून अर्धे उठले. "बघितलंस? अगं, बघितलंस?"

वळणावर दोन डोकी एकमेकांना चिकटली, सुटली, आणि निळ्याचं झालं लाल! आता भिंगरी उठला. "वहिनी, बघा! सांगा त्यांना!" पुढच्या वळणावर पुन्हा निळं! सासरे उठले, भिंगरी बसला. भिंगरी उठला, सासरे बसले. दोन खुर्च्यांवर जणू एकच रहाट फिरत होता. आणि शेवटची रेष ओलांडताना दोन्ही हेल्मेटं झाली वांग्यासारखी जांभळी!

दोघे म्हातारे सावकाश एकमेकांकडे वळले.

"तुझं जांभळं होतं?"

"छे रे! तुझं?"

"माझं कशाला असेल?"

त्रेचाळीस वर्षांनंतरचं ते पहिलं संभाषण! ते संपताच दोघे मिळून जावयाकडे वळले.

"रंग कुणी दिला?"

"संगणकाने... म्हणजे... मीच," जावई चादरीपेक्षा पांढरा पडला. "मला कळेचना, बाबा. तुम्ही कोण आणि ते कोण, खरंच कळत नव्हतं."

त्याने मूळ फिल्म लावली. तीनदा पाहिली. पुढचं डोकं शेवटपर्यंत पुढेच होतं. दोघांनी चष्मे पुसले, उभे राहिले, चादरीला नाक लावलं. पण आपलंच डोकं कुणालाच ओळखता येईना! शेवटच्या दृश्यात दोघांनी गॉगल काढले. थोबाडं चिखलाने लिंपलेली, नुसते चार पांढरे डोळे लुकलुकत होते.

"थांबवा तिथेच," सासूबाई म्हणाल्या. मटाराचं भांडं त्यांनी बाजूला ठेवलं. "मागचं चाक माती उडवतं ना हो? कुणावर?"

"मागून येणाऱ्यावर," दोघे एकदम म्हणाले.

"मग पहिल्याच्या तोंडावर माती कुणी फेकली?"

भिंगरीने नकळत गाल चाचपला. सासऱ्यांचा आ वासलेलाच राहिला.

"वहिनी, आमच्या पुढे होतंच कोण?"

"पिवळा. सुरुवातीलाच तुमच्या गॉगलांवर चिखल उडवून गेला, तुम्हाला दिसणार कसा? शेवटी अर्धी फेरी पुढे होता. कॅमेऱ्यात मावलाच नाही. रेष ओलांडली तो तसाच फाटकाबाहेर, गाडी गाठायची होती म्हणे. तुमचं भांडण दुसऱ्या नंबराचं होतं."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?" सासरे कळवळले. "पण तुला काय ठाऊक? तू तर त्या दिवशी मलाच बघत होतीस ना!"

सासूबाईंनी पदर सारखा केला. पहिल्यांदाच त्या जराशा लाजल्या.

"आले होते पिवळ्यालाच बघायला," त्या म्हणाल्या. "पण तो थांबलाच नाही. तुम्ही मात्र चिखलाच्या तोंडाने तिथेच भांडत उभे राहिलात, म्हणून नजरेत भरलात."