उमरावच्या तोंडाचा वास

निशाचं लग्न झालं ते वर्ष २०२३. मे महिना होता. मांडवात तिचा बाप उमराव कापगते इतका प्यायला होता, की व्याह्यांची गळाभेट सोडून त्याने बँडवाल्याला मिठी मारली आणि "आमची पोरगी सांभाळा जी" म्हणून ढसाढसा रडला. बँडवाल्यानेही "सांभाळतो" असं कबूल केलं.

पाठवणीच्या वेळी निशाने बापाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "बाबा, आता थेंबभर जरी पिल्ले तं मी या घरात पाय ठेवत नाई. दारात वास आला का दारातूनच वापस जाईन."

"नाई पीत," उमराव म्हणाला. आणि नवल म्हणजे त्याने खरंच सोडली.

पहिल्या दिवाळीला निशाची नर्सिंगची परीक्षा आडवी आली. ती आली नाही, नागपूरहून बियांचं एक पाकीट आलं. वर झालरीच्या पाकळ्यांचं गुलाबी फूल छापलेलं. बापाचे हात रिकामे राहिले की पाय रुख्माच्या मोहफुलाच्या भट्टीकडे वळतात, हे तिला ठाऊक होतं.

"मामाजी, जुन्या जातीचा डायंथस आहे," जावई पीयूष फोनवर म्हणाला. "सुवासिक असतो."

"कायचा वास येते त्याले?"

"ते काही लिहिलं नाही."

"होळीले येतो आमी," निशा मधेच बोलली. "तवा फुलं दाखवजा, बाबा."

उमरावच्या सात पिढ्यांनी बांधाच्या पाण्यावर धान पिकवलेला. त्याला पेरणीची एकच रीत माहीत. त्याने बी रात्रभर भिजवलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि मोड येण्यासाठी वर पाटा ठेवला. बी तिळाहून बारीक, त्यातलं अर्धं पोत्यालाच चिकटलं. मग बकऱ्यांच्या गोठ्यामागे त्याने धानाला करतात तशी, चारी बाजूंनी बांध घातलेली दोन हातांची बांधी केली. तेवढ्यात बैलजोडी मावत नव्हती म्हणून स्वतःच्या पायांनी चिखल केला आणि चार बोटं पाणी बांधून ठेवलं.

शेजारच्या कवडूने कुंपणावरून पाहिलं. "काय होय हे, भाऊ?"

"फुलं होत."

"मंग फुलाले बांधी कायले लागते?"

"बीज होय ना? मंग चिखल लागतेच."

चौथ्या दिवशी सगळं सडलं. उमरावने संतापून पोतं आणि चिखल उचलून गोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर भिरकावला आणि विषय संपवला.

फोनवर मात्र तो संपला नाही. फोनवर रोप उगवलं, वीतभर झालं, गुडघ्याला लागलं. ते कमरेला पोचलं तेव्हा जावई म्हणाला, "मामाजी, डायंथस इतका वाढत नाही." उमरावने त्याच क्षणी ते छाटलं.

मार्च लागला आणि घरात लवंगेचा वास येऊ लागला.

उमरावची बायको पुष्पाबाई गावच्या दारूबंदी महिला समितीची अध्यक्ष. गावचे पुरुष दारूचा वास मारायला लवंग चघळत. भर दुपारी ज्याच्या अंगाला लवंगेचा वास, त्याने सकाळी काय पोटात घातलं, हे सांगायला तिला डॉक्टर लागत नसे.

"हा करा," ती त्याच्या तोंडाशी नाक नेत म्हणाली.

उमरावने हा केला.

"लवंग खाल्ली का नाई?"

"नाई वं. तुह्या डब्यातल्या पाहून घे ना."

तिने लवंगेचा डबाच उचलून दुर्गेश्वरीच्या घरी नेऊन ठेवला. दुर्गेश्वरी समितीची सचिव. वास गेला नाही. पुष्पाबाईने उमरावला दोनदा आंघोळ घातली, कडुनिंबाने चूळ भरायला लावली. वास उलट वाढला.

आता उमरावला स्वतःचाच संशय आला. आपण झोपेत तर जात नाही? दुपारी आडवं होताना त्याने आपला पाय खाटेला बांधला. गेलोच तर खाटेसकट जाऊ, निदान लोकांच्या नजरेला पडू. तरीही चैन पडेना, तेव्हा तो विचारायला थेट रुख्माकडे गेला.

"काऊन वं रुख्मा, मी तुह्याकडे येऊन राहिलो का?"

रुख्माने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दहा महिने झाले, भाऊ. तुमी नाई आले म्हनून माही एक भट्टी बंद पडली."

उमराव हसत हसत तिच्या दारातून बाहेर पडला, आणि नेमका कवडू समोरून आला.

होळीच्या दिवशी सकाळी समिती अंगणात जमली. अध्यक्षाचाच नवरा म्हणून कोणी मागे राहिलं नाही, उलट दोन बाया जास्तच आल्या.

"हा करा, भाऊजी," दुर्गेश्वरी म्हणाली. तिने वास घेतला, विचार केला, आणि पुष्पाबाईकडे वळली. "बाई, तुमीपन हा करा."

"मी? मी अध्यक्ष होवो!"

"वास तुमच्या पदरालेबी येऊन राहिला."

पुष्पाबाईने हा केला. मग दुर्गेश्वरीने केला. मग सगळ्यांनी एकमेकींचे वास घेतले. आख्खी समिती लवंग खाऊन आल्यासारखी घमघमत होती. तेवढ्यात बोकड जवळून गेला आणि कोणीतरी ओरडलं, "याले तं सगळ्याहून जास्त येते वं!"

तिघींनी बोकड धरला. पुष्पाबाई त्याच्या तोंडाला नाक लावून "हा कर" म्हणत असताना फाटकात पीयूषची मोटारसायकल थांबली. निशा खाली उतरली, दोन पावलं आली आणि जागीच थबकली.

"लवंग," ती म्हणाली. तिचे डोळे भरले. "बाबा, माह्या डोक्यावर हात ठेवला होता तुमी."

"निशा, मले नाई ठाऊक कायचा वास होय! बोकडालेबी येते!"

"बोकडावर घालता?" ती वळली. "चला जी, फिरवा गाडी."

या गोंधळात बोकड सुटला, धानाच्या तणसाच्या ढिगावरून गोठ्याच्या मागच्या पाखावर चढला, आणि आठवडाभर मुकाट चाललेलं आपलं जेवण पुढे सुरू केलं. पीयूष ढिगावर चढला. "मामाजी," तो वरूनच म्हणाला, "हे कमरेएवढं कुठे आहे? हे तर वीतभर आहे."

कवेलूंच्या फटींतून, वाळलेल्या चिखलावर, कुजक्या पोत्याभोवती गुलाबी झालरीची फुलं पसरली होती. पीयूषने बोकडाच्या तोंडातून एक ओढून घेतलं आणि खाली निशाकडे टाकलं. तिने ते नाकाला लावलं आणि मटकन ओसरीवर बसली. हसत होती की रडत होती, ते उमरावला कळलं नाही. ती घरात आली, एवढं कळलं.

आठच दिवसांत गावातले पुरुष बिया मागायला रांगेने येऊ लागले. त्यात कधी तुळसही न लावलेली माणसं होती. कवडूने तर ओंजळ पुढे केली. प्रत्येकाला आपल्या कवेलूवर सुवासिक फूल हवं होतं, आणि खिशात एक. दुर्गेश्वरीने ताबडतोब ठराव लिहिला. गावात डायंथसला बंदी, फक्त पुष्पाबाईंचा गोठा सोडून.

उमराव ३ फेब्रुवारी २०२५ला, सोमवारी सकाळी, चहा पिता पिता वारला. निशाने गोठ्यावरची नवी फुलं त्याच्या छातीवर ठेवली. खांदा द्यायला आलेल्या प्रत्येकाने एकदा नाकाने वास ओढला आणि शेजारच्याकडे पाहिलं. उमरावने निशाच्या लग्नानंतर एक थेंबही घेतला नव्हता.

बोकड पुढच्या महिन्यात गेला.